नावावर जाऊ नका, बाइट बघा: पायथॉनमध्ये चित्राच्या फाइलचा खरा प्रकार ओळखणे

फोनमधला फोटो ऑनलाइन अर्जाला जोडायचा असतो आणि अर्ज म्हणतो, फक्त जेपीजी चालेल. मग फाइलच्या नावाची शेपटी हाताने बदलून ‘हेइक’ची (हा आयफोनच्या फोटोंचा एक प्रकार) ‘जेपीजी’ केली जाते. फाइलच्या आत काहीच बदललेले नसते. अर्ज स्वीकारणारा प्रोग्राम शेपटी बघून फाइल आत घेतो आणि चार दिवसांनी कोणीतरी ती उघडायला गेले की ‘फाइल खराब आहे’ असे उत्तर मिळते. फाइल खराब नसते, ती दुसऱ्याच प्रकारची असते.

शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, हा फक्त नावाचा भाग आहे. ब्राउझर फाइलसोबत जो प्रकार पाठवतो तोही बहुतेक वेळा त्याच शेपटीवरून ठरवलेला असतो. पायथॉनमधले ‘माइमटाइप्स’ हे मोड्यूल नवशिक्यांना हमखास फसवते. नावावरून वाटते की ते फाइल तपासत असेल, पण ते फाइल उघडतसुद्धा नाही, फक्त नाव वाचते. खरा प्रकार कळायला फाइलचे सुरुवातीचे बाइट वाचावे लागतात.

पूर्वी पायथॉनबरोबरच या कामाचे एक छोटे मोड्यूल येत असे, ‘आयएमजीएचडीआर’. आवृत्ती ३.११ मध्ये ते कालबाह्य ठरवले गेले आणि ३.१३ मध्ये काढून टाकले. जुनी स्क्रिप्ट नव्या पायथॉनवर ‘असे मोड्यूल सापडले नाही’ म्हणून थांबली, तर बहुधा कारण हेच. त्या मोड्यूलमध्ये एक खोटही होती. बराच काळ ते जेपीईजी (म्हणजे वरची जेपीजीच) ओळखण्यासाठी सहाव्या स्थानापासून ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ ही अक्षरे शोधत असे, त्यामुळे ती अक्षरे तिथे नसलेली पण अगदी धडधाकट जेपीईजी फाइल त्याला ओळखू येत नसे. तीस-चाळीस ओळींत त्याहून चांगले काम आपल्याला स्वतः करता येते.

लिहिण्याची पद्धत, आधीच सांगून

खाली पायथॉनच्या आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती इंग्रजी लिपीतच टाइप करायची. बाइटांच्या किमती दशमान पद्धतीत, ० ते २५५ अशा दिल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या षोडशमान पद्धतीत छापतात, पण पायथॉनला दशमान पूर्णपणे चालते: ‘बाइट्स’ या फंक्शनला चौकोनी कंसातली आकड्यांची यादी दिली की त्या किमतींची बाइटमाला तयार होते. कोडमध्ये आकडे मात्र इंग्रजीच हवेत. देवनागरी आकडा थेट कोडात लिहिला तर पायथॉन वाक्यरचनेची चूक दाखवतो. गंमत अशी की ‘इंट’ फंक्शनला अवतरणात ‘१३७’ दिले तर ते निमूटपणे एकशे सदतीस करून देते.

स्थान मोजायचे ते शून्यापासून. पहिला बाइट म्हणजे स्थान ०.

पहिली पायरी: सुरुवातीचे ६४ बाइट, बाइट म्हणूनच

फाइल ‘ओपन’ने उघडताना मोड ‘आरबी’ द्या, त्यातला बी म्हणजे बायनरी. मग ‘रीड’ला ६४ सांगा. बहुतेक प्रकारांना १६ बाइट पुरतात. ६४ घ्यायचे ते पुढे येणाऱ्या हेइक आणि एव्हीआयएफ या प्रकारांसाठी.

बी विसरला तर काय होते? पायथॉन फाइलला मजकूर समजून तिचे अक्षरांत रूपांतर करू पाहतो. पीएनजीचा पहिला बाइट १३७ आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीत, कोणतेही अक्षर १३७ ने सुरू होऊ शकत नाही, म्हणून स्क्रिप्ट तिथल्या तिथे ‘डीकोड’ची चूक देऊन थांबते. हे बरे. वाईट तेव्हा, जेव्हा कोणी ती चूक घालवण्यासाठी ‘चुका बदलून टाका’ हा पर्याय लावतो. मग प्रत्येक न समजलेल्या बाइटाच्या जागी एक बदली चिन्ह येते, आणि असा मजकूर परत जतन केला की त्या चिन्हाचे तीन बाइट पडतात: २३९, १९१, १८९. एखादी फाइल २३९ १९१ १८९ ८० ७८ ७१ अशी सुरू होत असेल, तर ती कधीकाळी पीएनजी होती. मूळ बाइट कायमचे गेले आहेत, दुरुस्तीत वेळ घालवू नका, मूळ फाइल पुन्हा मागवा.

याचा चुलतभाऊ थोडा दयाळू आहे. सुरुवात १९४ १३७ ८० ७८ ७१ अशी असेल, तर कुठल्यातरी टप्प्यावर बाइटांना लॅटिन-१ (अक्षरे लिहिण्याची एक जुनी पद्धत) समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले गेले. इथे काही हरवलेले नाही. पूर्ण फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचायची आणि लॅटिन-१ मध्ये ‘एन्कोड’ करायची, की मूळ चित्र परत मिळते.

आणखी दोन खाचखळगे याच पायरीवर आहेत. पहिला: पायथॉनमध्ये बाइटमालेतला एकच घटक काढला तर आकडा मिळतो, बाइटमाला नव्हे. म्हणून शून्याव्या घटकाची तुलना १३७ या आकड्याशी करा. एका बाइटाच्या मालेशी केली तर उत्तर कायम ‘नाही’ येईल, चूकही दिसणार नाही, आणि तास दोन तास डोके खाजवण्यात जातील. दुसरा: रिकाम्या फाइलचा शून्यावा घटक मागितला की स्क्रिप्ट कोसळते. काप काढला, म्हणजे ‘० पासून ८ पर्यंत’ असे मागितले, तर मात्र पायथॉन जेवढे आहे तेवढे देतो आणि तक्रार करत नाही. म्हणून शक्य तिथे काप घ्या किंवा ‘स्टार्ट्सविथ’ वापरा. ते छोट्या मालेवरही सुखरूप चालते आणि एका वेळी अनेक पर्यायांची जोडीही स्वीकारते.

दुसरी पायरी: पक्क्या खुणा आधी

सगळ्या ओळखखुणा सारख्या भरवशाच्या नसतात. आठ बाइटांची खूण योगायोगाने जुळणे जवळजवळ अशक्य, दोन बाइटांची कुठेही जुळेल. म्हणून तपासणीचा क्रम पक्क्यापासून कच्च्याकडे ठेवायचा.

सर्वात पक्की खूण पीएनजीची: १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०. ही आठ बाइटांची माळ विचारपूर्वक रचलेली आहे. १३७ हा १२७ हून मोठा आहे, म्हणजे त्याचा सर्वात वरचा बिट चालू आहे. फक्त सात बिट पुढे नेणाऱ्या जुन्या मार्गाने फाइल गेली तर तो बिट पडतो आणि बिघाड लगेच कळतो. ८० ७८ ७१ ही पी, एन, जी ही अक्षरे. १३ १० ही विंडोजची ओळ संपल्याची खूण, आणि शेवटचा १० ही युनिक्सची. फाइल मजकूर समजून पाठवली गेली आणि ओळींच्या खुणा बदलल्या, तर या दोनपैकी एक जागा हमखास बिघडते. मधला २६ हा जुन्या डॉसमध्ये फाइल संपल्याचा इशारा होता, त्यामुळे कोणी फाइल पडद्यावर छापायला गेले तर कचरा न ओघळता छपाई थांबे. म्हणून पीएनजीसाठी फक्त ‘पीएनजी’ ही तीन अक्षरे न बघता आठही बाइट बघा. तुमच्याकडे १३७ ८० ७८ ७१ १० २६ १० अशी सुरुवात आली, तर १३ गळाला आहे. फाइल एफटीपीच्या (फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या) मजकूर मोडमधून आली का, ते आधी विचारा.

जेपीईजीसाठी तीन बाइट पुरतात: २५५ २१६ २५५. चौथ्या बाइटावर अडून बसू नका. तो २२४ असेल तर जेएफआयएफ, २२५ असेल तर बहुधा कॅमेऱ्याची एक्झिफ माहिती, २२६ म्हणजे बहुधा रंगांचे प्रोफाइल, २३८ म्हणजे अडोबीचा विभाग, २१९ म्हणजे थेट क्वांटायझेशनचा तक्ता. सगळ्या वैध जेपीईजी आहेत. इंटरनेटवर मिळणाऱ्या बऱ्याच तुकड्यांत चार बाइट २५५ २१६ २५५ २२४ असे तपासलेले असतात, आणि मग फोनमधले निम्मे फोटो नाकारले जातात.

जीआयएफची खूण सहा अक्षरांची आहे, आणि तिच्यात वर्षच लिहिलेले आहे: १९८७ ची आवृत्ती ७१ ७३ ७० ५६ ५५ ९७, आणि १९८९ ची ७१ ७३ ७० ५६ ५७ ९७. दोन्ही स्वीकारा.

तिसरी पायरी: एकच डबा, अनेक वस्तू

इथे नवशिके सर्वाधिक चुकतात, म्हणून जरा थांबून बघू.

वेबपी फाइल ८२ ७३ ७० ७० ने, म्हणजे ‘आरआयएफएफ’ या अक्षरांनी सुरू होते. पण ती खूण वेबपीची नाही, ती बाहेरच्या डब्याची आहे. त्याच डब्यात डब्ल्यूएव्ही हा आवाज आणि एव्हीआय हा व्हिडिओही येतो. आत काय आहे ते स्थान ८ ते ११ वर लिहिलेले असते: ८७ ६९ ६६ ८० असेल तर वेबपी, ८७ ६५ ८६ ६९ असेल तर आवाज, ६५ ८६ ७३ ३२ असेल तर एव्हीआय. मधले चार बाइट, स्थान ४ ते ७, हे आकाराचे आहेत. ते लिटल-एंडियन वाचले, म्हणजे सर्वात कमी किमतीचा बाइट आधी धरला, की फाइलच्या एकूण लांबीपेक्षा ८ ने कमी असा आकडा मिळायला हवा. फाइल त्याहून लहान असेल तर ती अर्धवट उतरली आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर वेबपी असतात, तपासणीचा नमुना हवा असेल तर ते हाताशी आहेत.

आता हेइक. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो याच प्रकारात जतन करू शकतो, त्यामुळे अर्जांच्या आणि संकेतस्थळांच्या प्रोग्रामांना याच्याशी रोज गाठ पडते. इथे ओळखखूण अगदी सुरुवातीला नसते. पहिले चार बाइट पहिल्या खोक्याची लांबी सांगतात आणि ती फाइलगणिक बदलते. खूण आहे स्थान ४ ते ७ वर: १०२ ११६ १२१ ११२, म्हणजे ‘एफटीवायपी’. पण एमपी४ व्हिडिओचीही खूण नेमकी हीच! फक्त एवढे बघून ‘हेइक’ म्हणणारी स्क्रिप्ट लग्नाचा व्हिडिओसुद्धा फोटो म्हणून आत घेईल.

म्हणून पुढे वाचायचे. स्थान ८ ते ११ वर मुख्य ब्रँड असतो. १०४ १०१ १०५ ९९ म्हणजे ‘एचईआयसी’, ९७ ११८ १०५ १०२ म्हणजे ‘एव्हीआयएफ’. कधी तिथे १०९ १०५ १०२ ४९, म्हणजे ‘एमआयएफ१’ असा सर्वसाधारण ब्रँड असतो, जो ‘मी या कुळातले स्थिर चित्र आहे’ एवढेच सांगतो. अशा वेळी सोबतच्या ब्रँडांची यादी बघायची. ती स्थान १६ पासून सुरू होते, प्रत्येक नोंद चार बाइटांची, आणि पहिल्या चार बाइटांत सांगितलेल्या लांबीपर्यंत चालते. त्या यादीत एव्हीआयएफ सापडला तर एव्हीआयएफ, एचईआयसी सापडला तर हेइक, काहीच सापडले नाही तर ‘ओळखता येत नाही’. स्थान १२ ते १५ वर आवृत्तीचा आकडा असतो, त्याला ब्रँड समजू नका. आणि लांबीवर आंधळा विश्वास नको: कोणी मुद्दाम अब्जावधीची लांबी लिहून ठेवली तरी तुम्ही हातातल्या ६४ बाइटांपलीकडे जाऊ नका.

टिफचेही असेच. खूण दोन रूपांत येते. ७३ ७३ ४२ ० हे इंटेल पद्धतीचे, लहान बाइट आधी. ७७ ७७ ० ४२ हे मोटोरोला पद्धतीचे, मोठा बाइट आधी. पण निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर२, सोनीची एआरडब्ल्यू, अडोबीची डीएनजी अशा कच्च्या कॅमेरा फाइली टिफच्याच पायावर उभ्या आहेत आणि त्यांची सुरुवातही तशीच असते. सीआर२ मध्ये निदान स्थान ८ आणि ९ वर ६७ ८२ ही खूण मिळते. बाकीच्यांसाठी आतली टॅगांची यादी वाचावी लागते. तुमच्या कामाला एवढा भेद लागत नसेल तर उत्तर ‘टिफ’ असे न देता ‘टिफ-कुळातील’ असे द्या, ते जास्त प्रामाणिक आहे.

चौथी पायरी: कच्च्या खुणांना जोड हवी

बीएमपीची खूण फक्त दोन बाइटांची आहे: ६६ ७७, म्हणजे मोठ्या लिपीतली बी आणि एम. आता एखादी साधी मजकूर फाइल घ्या, जिची पहिली ओळ मुंबई महापालिकेच्या इंग्रजी आद्याक्षरांनी सुरू होते. बी, एम, सी. झाली ती बीएमपी! हा दोष काढायला स्थान १४ ते १७ चे चार बाइट लिटल-एंडियन वाचा. खऱ्या बीएमपीत तिथे पुढच्या हेडरची लांबी असते: बहुधा ४०, नाहीतर १२, ५२, ५६, ६४, १०८ किंवा १२४. मजकुराच्या फाइलीत तिथे चार मोकळ्या जागा असल्या तरी आकडा ५३ कोटींच्या वर जातो. एका तुलनेत प्रश्न मिटतो.

आयकॉनची, म्हणजे आयसीओची खूण ० ० १ ० ही आणखी कच्ची. शून्ये कुठेही सापडतात. इथे तीन जोड-तपासण्या करा. स्थान ४-५ वर आत किती चित्रे आहेत तो आकडा असतो, तो शून्य नसावा. स्थान ९ राखीव आहे, तो शून्य असावा. आणि स्थान १८ ते २१ वर पहिल्या चित्राची जागा असते, ती ६ अधिक चित्रसंख्येच्या १६ पटीपेक्षा कमी असू शकत नाही. तीनही जमले तरच आयसीओ म्हणा. ट्रूटाइप फाँट ० १ ० ० ने सुरू होतो. देवनागरी फाँटांच्या फोल्डरवर स्क्रिप्ट चालवणार असाल तर शून्यांचा आणि एकचा क्रम पुन्हा एकदा नीट बघून घ्या.

एसव्हीजीला बाइटांची खूणच नाही, कारण तो मजकूर आहे. सुरुवातीला २३९ १८७ १९१ ही बीओएमची (मजकूर कोणत्या पद्धतीने लिहिला ते सांगणारी) खूण असेल, मोकळ्या ओळी असतील, एक्सएमएलची घोषणा असेल, लांबलचक टिपणीही असेल, आणि मग कुठे ‘एसव्हीजी’ हा टॅग. ६४ बाइट इथे पुरत नाहीत. सर्व बायनरी तपासण्या संपल्यावरच, बीओएम आणि मोकळ्या जागा वगळून पहिला बाइट ६० म्हणजे ‘पेक्षा लहान’ची खूण असेल तर, पहिले दोन-चार हजार बाइट घेऊन टॅग शोधा. एवढ्याने खात्री होत नाही, कारण एचटीएमएल पानातही एसव्हीजी टॅग असतो. मूळ टॅगच एसव्हीजी आहे का ते बघायला हवे. माझे स्पष्ट मत: लोकांकडून फोटो घेणाऱ्या प्रोग्रामने एसव्हीजी स्वीकारूच नये. त्यात जावास्क्रिप्ट ठेवता येते आणि ती बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकते.

पाचवी पायरी: फंक्शन जोडणे

आता सगळे एकत्र. फंक्शनला फाइलचे नाव देऊ नका, बाइटमाला द्या. मग तेच फंक्शन डिस्कवरच्या, नेटवरून आलेल्या आणि डेटाबेसमधल्या चित्राला चालते, आणि चाचण्याही सोप्या होतात.

१. पीएनजीचे आठ बाइट जुळले? ‘पीएनजी’ परत द्या.
२. २५५ २१६ २५५? ‘जेपीईजी’.
३. जीआयएफच्या दोनपैकी एक खूण? ‘जीआयएफ’.
४. ० ते ४ चा काप ‘आरआयएफएफ’ आणि ८ ते १२ चा काप ‘वेबपी’? ‘वेबपी’.
५. ४ ते ८ चा काप ‘एफटीवायपी’? ब्रँड बघून ‘हेइक’, ‘एव्हीआयएफ’ किंवा काहीच नाही.
६. टिफच्या दोनपैकी एक खूण? ‘टिफ-कुळातील’.
७. ६६ ७७ आणि हेडरची लांबी वैध? ‘बीएमपी’.
८. ० ० १ ० आणि तीनही जोड-तपासण्या? ‘आयसीओ’.
९. यातले काहीच नाही? ‘नन’ (पायथॉनमधली ‘काहीच नाही’ ही किंमत) परत द्या.

कापात शेवटचे स्थान धरले जात नाही हे लक्षात असू द्या. म्हणून ८ ते ११ ही स्थाने हवी असतील तर काप ८ ते १२ असा लिहायचा.

शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष नको. ओळखता आले नाही तर शेपटीवरून अंदाज बांधून उत्तर देण्याचा मोह होतो. तो टाळा. हे फंक्शन बाइटांत काय दिसले तेवढेच सांगते, नावाचा विचार ज्याला करायचा त्याने बाहेर करावा.

बाइट फाइलमधून न घेता प्रवाहातून घेत असाल, उदाहरणार्थ वेब फॉर्ममधून आलेल्या, तर ६४ बाइट वाचून झाल्यावर ‘सीक’ला शून्य देऊन सुरुवातीला परत या. हे विसरले की नंतर जतन केलेल्या प्रत्येक फाइलचे पहिले ६४ बाइट गायब असतात. ओळख बरोबर येते आणि फाइल मात्र उघडत नाही, म्हणून या चुकीचा माग लवकर लागत नाही. नेटवरून थेट येणाऱ्या प्रवाहात मागे जाता येत नाही. तिथे वाचलेले ६४ बाइट जपून ठेवा आणि लिहिताना आधी तेच लिहा.

चित्राच्या जागी भलतेच आले तर

नेटवरून उतरवलेली फाइल कोणत्याच खुणेत बसत नसेल, तर पहिले सोळा बाइट छापा आणि बघा. ६० ३३ किंवा ६० १०४ ने सुरुवात म्हणजे एचटीएमएल: चित्राऐवजी लॉगिनचे किंवा चूक दाखवणारे पान आले आहे. ३१ १३९ म्हणजे जीझिप: सर्व्हरने दाबून पाठवले आणि तुमच्या स्क्रिप्टने ते उलगडले नाही. ‘युआरएललिब’ हे काम आपोआप करत नाही. ८० ७५ ३ ४ म्हणजे झिप, आणि ३७ ८० ६८ ७० म्हणजे पीडीएफ. स्कॅन केलेला कागद ‘चित्र’ म्हणून पाठवणारे हे पुष्कळदा करतात.

आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे बेस-६४. जेसनमधून (माहिती मजकूर म्हणून पाठवण्याच्या पद्धतीतून) आलेले चित्र बाइट नसून अक्षरांची माळ असते. ती तिरकी रेघ, ९, लहान जे, तिरकी रेघ अशी सुरू झाली तर आत जेपीईजी आहे. लहान आय आणि पुढे मोठे व्ही, बी, ओ, आर असेल तर पीएनजी. आधी ‘बी६४डीकोड’ करा, मगच फंक्शनकडे द्या. माळेच्या आधी ‘डेटा’ या शब्दाने सुरू होणारा भाग असेल तर पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचा मजकूर काढून टाका. त्या भागात लिहिलेला प्रकारही पाठवणाऱ्याचा दावाच असतो.

मापे, तीही हेडरमधूनच

प्रकार कळला की लांबी-रुंदीही पूर्ण चित्र न उलगडता मिळते. पीएनजीत स्थान १६ ते १९ वर रुंदी, २० ते २३ वर उंची, दोन्ही बिग-एंडियन, म्हणजे सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी. ० ० ७ १२८ म्हणजे सात गुणिले २५६ अधिक १२८, म्हणजे १९२०. जीआयएफमध्ये स्थान ६-७ वर रुंदी आणि ८-९ वर उंची, पण लिटल-एंडियन: १२८ २ म्हणजे १२८ अधिक दोन गुणिले २५६, म्हणजे ६४०. ‘इंट’चे ‘फ्रॉम बाइट्स’ हे दोन्ही करते, फक्त ‘बिग’ की ‘लिटल’ ते सांगायचे. उलटे सांगितले तर ६४० ऐवजी ३२७७० येते, यावरून चूक लगेच पकडता येते.

जेपीईजीत ठरलेले स्थान नाही, विभागांतून चालत जावे लागते. स्थान २ पासून सुरुवात: २५५, मग विभागाचा आकडा, मग दोन बाइट लांबी, बिग-एंडियन. या लांबीत ते दोन बाइट धरलेले असतात, त्यामुळे पुढे उडी मारताना आणखी दोन मिळवू नका. विभागाचा आकडा १९२ ते २०७ मध्ये असला, आणि १९६, २०० किंवा २०४ नसला, की लांबीनंतर एक बाइट सोडून आधी उंची आणि मग रुंदी मिळते. हा उलटा क्रम अनेकांना चकवतो. ‘२५५ १९२’ असा सरळ शोध घेऊ नका: एक्झिफच्या आत छोटे पूर्वदृश्य चित्र असते, तेही जेपीईजीच, आणि शोधाला त्याचीच मापे आधी सापडतात.

ओळख पटली, म्हणजे फाइल चांगली असे नव्हे

हेडर शाबूत आणि बाकी फाइल अर्धी, हे रोज घडते. पीएनजी पूर्ण असेल तर शेवटचे बारा बाइट ० ० ० ० ७३ ६९ ७८ ६८ १७४ ६६ ९६ १३० असे असतात. जेपीईजी २५५ २१७ ने संपते, पण हलत्या फोटोंसाठी काही फोन त्यापुढे व्हिडिओही जोडतात, म्हणून शेवटी ती जोडी दिसली नाही एवढ्यावरून फाइल नाकारू नका.

पक्की खात्री हवी तर पिलो ही लायब्ररी वापरा. तिचे ‘इमेज ओपन’ फक्त हेडर वाचते, आणि ‘व्हेरिफाय’ पीएनजीचे चेकसम (बिघाड पकडणारे पडताळणीचे आकडे) तपासते पण जेपीईजीबाबत जवळपास काहीच करत नाही. पूर्ण उलगडून बघायचे तर ‘लोड’ बोलवा. अर्धवट फाइल तिथे अडते. ‘व्हेरिफाय’ केल्यावर तीच वस्तू पुढे वापरता येत नाही, फाइल पुन्हा उघडावी लागते. काही फोनच्या जेपीईजीत एकाहून जास्त चित्रे असतात आणि पिलो त्यांचा प्रकार ‘एमपीओ’ सांगते. ‘फक्त जेपीईजी’ अशी अट असलेला कोड अशा फोटोंना कारण नसताना परत पाठवतो. ‘ओपन’ला ‘फॉर्मॅट्स’ या पर्यायात तुमच्या मान्य प्रकारांची यादी द्या, म्हणजे लायब्ररी इतर प्रकार उघडायचा प्रयत्नही करत नाही.

उलगडण्याआधी मापे तपासा. काही किलोबाइटांची पीएनजी उलगडल्यावर कित्येक गिगाबाइट स्मृती खाऊ शकते. पिलो साधारण ८ कोटी ९५ लाख पिक्सेलांवर इशारा देते आणि त्याच्या दुपटीपुढे थांबते. पासपोर्ट फोटो घेणाऱ्या फॉर्मला याच्या शतांशाचीही गरज नसते, तेव्हा स्वतःची मर्यादा कितीतरी खाली ठेवा. शिवाय एकच फाइल सुरुवातीकडून जेपीईजी आणि शेवटाकडून झिप असू शकते, कारण झिपची सूची फाइलच्या शेवटी असते. अनोळखी माणसाने दिलेले चित्र साठवताना ते उलगडून नव्याने जतन करणे हाच त्यावर खरा उपाय, चिकटवलेला भाग त्यात गळून पडतो.

चाचण्यांसाठी प्रत्येक प्रकारची एक खरी फाइल ठेवा, आणि त्यासोबत रिकामी फाइल, एक बाइटाची, सात बाइटांवर कापलेली पीएनजी, एक डब्ल्यूएव्ही, एक एमपी४ आणि ‘बीएमसी’ने सुरू होणारी मजकूर फाइल. शेवटच्या सहांचे उत्तर ‘नन’ यायला हवे. लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनलमध्ये ‘फाइल’ ही आज्ञा याच पद्धतीने ओळख करते. तुमच्या फंक्शनचे आणि तिचे उत्तर जिथे जुळत नाही, तिथले पहिले बत्तीस बाइट छापून दोघांपैकी कोण बरोबर ते बघा.